करदात्याचे गाव कोणते?

परदेशी गेलेला माणूस गावाचा राहिला की नाही, हा प्रश्न एके काळी भाऊबंदांच्या बैठकीत निघत असे. आज तो प्राप्तिकर खात्याच्या दप्तरात निघतो, आणि तेथे त्याचे उत्तर जिव्हाळ्यावरून दिले जात नाही. ते दिवसांच्या मोजणीवरून दिले जाते. पुण्याचा अभियंता अमेरिकेत नोकरीस जातो, रत्नागिरीचा तंत्रज्ञ आखाती देशात जातो, गोव्याचा तरुण लंडनची वाट धरतो, निवृत्त शिक्षक व त्यांची पत्नी परदेशातील मुलाकडे सहा महिने राहून येतात. यांपैकी कोणी धनाढ्य नव्हे. तथापि वर्षातील काही दिवस एका देशात आणि काही दिवस दुसऱ्या देशात काढल्याबरोबर दोन देशांचे करविषयक कायदे त्यांच्यावर एकाच वेळी आपला अधिकार सांगू लागतात. बहुतेकांना याची जाणीव होते ती मात्र नोटीस हाती पडल्यावर.

या बाबतीत दोन समजुती फार खोलवर रुजलेल्या आहेत. पहिली अशी की, पासपोर्ट ज्या देशाचा त्या देशाला कर द्यावयाचा. दुसरी अशी की, परदेशात पगारातून कर कापला गेला म्हणजे येथील कर्तव्य संपले. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत सामान्य माणसालाच मोजावी लागते. कारण मोठ्या उद्योगपतीच्या पदरी सनदी लेखापालांची फौज असते. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाकडे शेजाऱ्याने दिलेल्या सल्ल्याखेरीज काही नसते.

तीन निराळ्या गोष्टी

नागरिकत्व, परकीय चलनाच्या कायद्यातील निवास आणि प्राप्तिकराच्या कायद्यातील निवास या तीन निराळ्या गोष्टी आहेत. भारतीय कायद्याने कराचे नाते मुख्यतः निवासाशी जोडले आहे. निवासी व्यक्तीच्या जगभरच्या उत्पन्नावर भारत कर मागतो. अनिवासी व्यक्तीकडून केवळ भारतात मिळालेल्या वा भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावर. गोव्यातील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होण्यापूर्वी तेथे जन्मलेल्या अनेकांनी व त्यांच्या वंशजांनी पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून घेतले. परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. परंतु असा माणूस मडगावात घर करून राहत असेल, तर पासपोर्ट पोर्तुगालचा असूनही प्राप्तिकराच्या दृष्टीने तो भारताचा निवासीच होय.

अमेरिकेची रीत याच्या उलट आहे. तो देश आपल्या नागरिकावर, तो कोठेही राहत असला तरी, कर आकारतो. त्यामुळे न्यू जर्सीत जन्मलेले आणि दोन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर पुण्यास परतलेले मूल जन्माने अमेरिकन नागरिक असते, आणि मोठेपणी पुण्यात नोकरीस लागले की विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न होताच त्याला अमेरिकेतही विवरणपत्र भरावे लागते. अमेरिकेबाहेरील बँकांत त्याच्या नावावर वर्षातील कोणत्याही दिवशी एकूण दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम असेल, तर ती खातीही तेथील शासनाला कळवावी लागतात. बारशाच्या वेळी अभिमानाने जपून ठेवलेल्या जन्मदाखल्याचा हा अर्थ किती घरांत ठाऊक असतो?

तिसरा प्रकार विद्यार्थ्याचा. ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणासाठी प्रथमच परदेशी जाणारा विद्यार्थी परकीय चलनाच्या दृष्टीने अनिवासी मानला जातो. रिझर्व्ह बँकेने २००३ साली तसे स्पष्ट केले आहे. साहजिकच बँक त्याचे साधे बचत खाते बदलून घ्यावयास सांगते. परंतु त्याच वर्षी प्राप्तिकराचा कायदा त्याला निवासी ठरवितो. कारण नोकरीसाठी देश सोडणाऱ्यास जी सवलत आहे तीत शिक्षणाचा उल्लेख नाही. एकच मुलगा, एकच वर्ष आणि भारत सरकारच्याच दोन कायद्यांत दोन उत्तरे!

दिवसांचा हिशेब

भारतातील मूळ नियम असा आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिला तो निवासी. त्याहून कमी राहिला, परंतु त्या वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात होता, तोही निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाच्या बाबतीत सोडण्याच्या वर्षापुरती ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा धरली जाते. परदेशी राहणारा भारतीय नागरिक वा भारतीय वंशाची व्यक्ती भेटीसाठी आली तरी सामान्यतः हीच मर्यादा लागू होते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. निवासाच्या या कसोट्या त्यातही कायम ठेवल्या आहेत.

नियम कागदावर सोपा दिसतो. परंतु त्याचे परिणाम पाहावेत. १ एप्रिलपासून मोजल्यास २९ सप्टेंबरला १८२ दिवस भरतात. २० सप्टेंबरला नोकरीसाठी विमानात बसलेला अभियंता त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि त्याने परदेशात काम करून तेथेच मिळविलेल्या पगारावर भारतात कर नाही. त्याचाच सहकारी ५ ऑक्टोबरला निघाला, तर तो संपूर्ण वर्षासाठी निवासी ठरतो आणि ऑक्टोबर ते मार्च या काळातील परदेशी पगारही त्याला भारतातील विवरणपत्रात दाखवावा लागतो. पंधरा दिवसांच्या अंतराने वर्षभराची स्थिती पालटते. ब्रिटनच्या कायद्यात ठरावीक परिस्थितीत वर्षाचे दोन भाग पाडून, येण्यापूर्वीचा वा गेल्यानंतरचा काळ वेगळा धरण्याची सोय आहे. भारतीय कायद्यात तशी सोय नाही. येथे माणूस वर्षभर निवासी तरी असतो किंवा वर्षभर अनिवासी तरी.

कोकणातील व गोव्यातील दर्यावर्दी घराण्यांना हा हिशेब अधिक परिचयाचा आहे. परदेशी फेरीवर जाणाऱ्या जहाजावरील भारतीय खलाशाच्या बाबतीत, जहाजावर रुजू झाल्यापासून उतरेपर्यंतचा काळ त्याच्या नोंदपुस्तिकेवरून धरला जातो. म्हणूनच ती पुस्तिका दर्यावर्दी लोक जिवापाड जपतात. जमिनीवरील नोकरदाराने मात्र आपला पासपोर्ट, त्यावरील शिक्के आणि विमानाची तिकिटे इतक्या काळजीने जपल्याचे क्वचितच दिसते.

अनिवासी ठरणे हा नेहमीच लाभ असतो असेही नव्हे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कराची पूर्ण सूट मिळते. अनिवासीला ही सूट नाही. त्याचे करपात्र भाडे व व्याज चार लाखांच्या पुढे गेले की त्याला कर लागू होतो. त्याच्या ठाण्यातील सदनिकेत राहणाऱ्या भाडेकरूलाही हे ठाऊक असावयास हवे. कारण घरमालक अनिवासी असेल, तर भाड्यातून कर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी कायद्याने त्या भाडेकरूवरच टाकली आहे. निवासी घरमालकाच्या बाबतीत लहान भाड्याला जी मोकळीक आहे, ती येथे नाही.

नातवंडांकडील सहा महिने

दिवसांच्या या मोजणीत सर्वांत अनपेक्षितपणे सापडतात ते निवृत्त आईवडील. अमेरिकेची कसोटी वेगळी आहे. चालू वर्षातील सर्व दिवस, गेल्या वर्षातील दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यापूर्वीच्या वर्षातील दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य झाले, की तो माणूस करापुरता अमेरिकेचा निवासी समजला जातो. येथील वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते.

एखादे निवृत्त शिक्षक दरवर्षी १७० दिवस मुलाकडे राहतात असे समजू. पहिल्या वर्षी १७०. कसोटी लागू होत नाही. दुसऱ्या वर्षी १७० अधिक सुमारे ५७, म्हणजे २२७. कसोटी लागू झाली. तिसऱ्या वर्षी बेरीज २५५ होते. व्हिसा पर्यटकाचा, सहा महिन्यांची परवानगी कधीही ओलांडलेली नाही, एक डॉलरही तेथे कमावलेला नाही. तरीही कराच्या दृष्टीने ते अमेरिकेचे निवासी बनतात आणि त्यांचे येथील निवृत्तिवेतन व मुदत ठेवीचे व्याज यांवरही त्या देशाचा दावा उत्पन्न होऊ शकतो. वर्षातील उरलेले १९५ दिवस ते भारतात असल्याने भारताचे निवासी तर ते असतातच. दरवर्षी सारखेच दिवस राहावयाचे असतील, तर ही बेरीज १८३ च्या आत ठेवण्यासाठी १२१ दिवसांच्या पुढे जाता येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो कठीणही नाही. त्या वर्षी १८३ दिवसांपेक्षा कमी वास्तव्य असेल, घरदार व अधिक निकटचे संबंध भारताशी असतील आणि ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला नसेल, तर ८८४० क्रमांकाचा नमुना मुदतीत भरून अनिवासी राहता येते. पण तो नमुना भरावा लागतो. संबंध निकटचे आहेत हे मनात असून भागत नाही. विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे पहिली पाच वर्षे या मोजणीतून सूट आहे. मात्र त्यांनाही उत्पन्न नसले तरी ८८४३ क्रमांकाचा नमुना द्यावाच लागतो.

दोन देशांचा एक करदाता

दोन्ही देशांनी एकाच माणसाला निवासी ठरविल्यास काय करावयाचे, याची तजवीज दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांत असते. भारताने नव्वदहून अधिक देशांशी असे करार केले आहेत. अमेरिकेशी झालेला करार १९८९ चा आहे. या करारांतील कसोट्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम कायमचे घर कोठे आहे ते पाहावयाचे. ते दोन्हीकडे असेल तर कौटुंबिक व आर्थिक हितसंबंधांचे केंद्र कोठे आहे ते पाहावयाचे. त्यानेही निर्णय झाला नाही तर नेहमीचे वास्तव्य आणि मग नागरिकत्व. शेवटी दोन्ही सरकारांनी आपसांत ठरवावयाचे. पासपोर्टचा क्रम येथे चौथा लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

करार आहे म्हणून विवरणपत्र नको, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कराराचा लाभ मागावा लागतो आणि तो बहुधा विवरणपत्रातूनच मागावयाचा असतो. निवासी भारतीयाला परदेशात भरलेल्या कराची वजावट येथे मिळते; परंतु त्यासाठी परदेशी उत्पन्न प्रथम येथे दाखवावे लागते, विहित नमुना भरावा लागतो आणि तेथे कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. त्यात वर्षांचा मेळ बसत नाही. भारताचे वर्ष एप्रिलला, अमेरिकेचे जानेवारीला, तर ब्रिटनचे ६ एप्रिलला सुरू होते. अमेरिकेतील एका वर्षाचा कर भारताच्या दोन वर्षांत विभागून मांडताना भल्याभल्यांची दमछाक होते. ज्याच्यावर शेवटी एक रुपयाही कर निघत नाही, त्यालाही हा सारा खटाटोप चुकत नाही.

परतणाऱ्याची परीक्षा

खरी परीक्षा होते ती परत येणाऱ्याची. कायद्याने त्याला काही काळ उसंत दिली आहे. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा आधीच्या सात वर्षांत जो ७२९ दिवसांहून अधिक भारतात नव्हता, तो ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे’ या वर्गात येतो. या काळात त्याच्या परदेशी ठेवींचे व्याज वा तेथील घराचे भाडे येथे करपात्र होत नाही. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला ही उसंत साधारणतः दोन-तीन वर्षे मिळते.

तिच्यानंतर मात्र जगभरचे उत्पन्न करपात्र होते आणि परदेशातील प्रत्येक मालमत्तेची नोंद विवरणपत्रात करावी लागते. तेथे विसरून राहिलेले बँक खाते, कंपनीने दिलेले चार समभाग, निवृत्तिनिधी ही सारी मालमत्ता होय. त्यांतून उत्पन्न झाले नाही म्हणून नोंद टळत नाही. काळ्या पैशाविरुद्ध २०१५ साली झालेल्या कायद्याने अशी नोंद न करणाऱ्यास दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली. कर बुडाला नसला तरी हा दंड होऊ शकत होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता सोडून एकूण वीस लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस या दंडातून वगळण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह होती. पण नोंद करण्याचे बंधन तिने संपलेले नाही.

कोणाला कळणार आहे, ही भाबडी आशाही आता सोडावयास हवी. अमेरिकेशी २०१५ साली झालेल्या करारान्वये आणि २०१७ पासून इतर अनेक देशांशी सुरू झालेल्या देवाणघेवाणीमुळे खात्यांची माहिती सरकारांकडे आपोआप पोहोचते. २०२४ च्या नोव्हेंबरात प्राप्तिकर खात्याने याच माहितीच्या आधारे अनेक करदात्यांना संदेश पाठवून विवरणपत्रे तपासून दुरुस्त करावयास सांगितले. दंडापूर्वी सूचना देण्याची ही रीत योग्य होती, आणि तीच कायमची व्हावयास हवी.

कायदा कोणासाठी, भार कोणावर

या साऱ्या नियमांमागे राज्यकर्त्यांचा एक न्याय्य हेतू आहे, हे नाकारता येत नाही. दिवस मोजून कोठेच निवासी न ठरणारे आणि म्हणून कोठेच कर न देणारे श्रीमंत लोक आहेत. त्यांना आवर घालण्यासाठी २०२० च्या अर्थसंकल्पात भेटीस येणाऱ्यांची मर्यादा १८२ वरून १२० दिवसांवर आणण्याचा, तसेच अन्यत्र कोठेही करदायित्व नसलेल्या भारतीय नागरिकाला निवासी मानण्याचा प्रस्ताव आला. आखाती देशांत पगारावर प्राप्तिकर नाही. तेव्हा तेथे राबणाऱ्या लाखो भारतीयांत घबराट पसरली. सरकारला खुलासा करावा लागला, आणि अंतिम कायद्यात ज्यांचे परदेशी उत्पन्न वगळता उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे, त्यांच्यापुरतेच हे नियम मर्यादित झाले. नेम धनवंतावर धरलेला असला तरी धाक कष्टकऱ्याला बसतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्याच वर्षीच्या साथीने दुसरा धडा दिला. विमाने बंद झाल्याने भेटीस आलेले कित्येक लोक महिनोन्‌महिने येथे अडकून पडले. २०१९-२० या वर्षापुरते अडकलेले दिवस न मोजण्याचा आदेश मे २०२० मध्ये निघाला. त्यापुढील वर्षासाठी मात्र ३ मार्च २०२१ रोजी असे सांगण्यात आले की, सरसकट सवलत नाही; ज्यांना दुहेरी कराचा भुर्दंड पडत असेल त्यांनी ३१ मार्चपर्यंत अर्ज करावा. स्वतःच्या इच्छेविरुद्ध काढलेल्या दिवसांचा खुलासा करण्यास चार आठवड्यांची मुदत पुरेशी होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणून शासनाकडून काही अपेक्षा करणे गैर नव्हे. देश सोडल्याच्या वा परतल्याच्या वर्षाचे दोन भाग पाडण्याची सोय कायद्यात व्हावी. सरहद्दीवरील आगमन-निर्गमनाची नोंद सरकारपाशी असतेच. ती करदात्याला त्याच्या विवरणपत्राबरोबरच उपलब्ध करून द्यावी, म्हणजे दिवसांचा वाद उरणार नाही. करबुडवेपणा आणि अज्ञानाने झालेली चूक यांत कायद्याने स्पष्ट भेद करावा. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे हे नियम मराठीसह सर्व भारतीय भाषांत, उदाहरणांसह, पुस्तिकारूपाने प्रसिद्ध करावेत. ज्या भाषेत नागरिक आपला व्यवहार करतो त्या भाषेत कायदा न सांगता, तो ठाऊक नसल्याबद्दल दंड करणे न्यायाला धरून नाही.

नागरिकानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. देश सोडताना व परतताना तारखांची वही ठेवावी. बँकेला आपली स्थिती वेळीच कळवावी. दोन्ही देशांतील विवरणपत्रांच्या प्रती जपाव्यात. आणि कर निघत नसला तरी विवरणपत्र भरावे लागते काय, याची दरवर्षी चौकशी करावी. तिकीट काढण्यापूर्वी दहा मिनिटे बसून दिवसांची बेरीज केली, तर पुढील कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो. मुलाबाळांना परदेशी पाठविताना मराठी कुटुंबे लोणची, पापड आणि औषधे यांची यादी मोठ्या निगुतीने करतात. त्या यादीत या तारखांच्या वहीची भर पडणे आता अगत्याचे झाले आहे.